रस्त्यापासून दीड किलोमीटर आत घर असेल तर फायबर कोणाकडून घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर मुख्य रस्त्यापासून साधारण दीड किलोमीटर आत, शेतात आहे. आजवर मोबाइलच्या डेटावर भागवलंत. आता रस्त्याने दोन कंपन्यांचं फायबर गेलंय. पहिली १ जीबीपीएस देते म्हणते आणि केबल खांबांवरून आणणार आहे. दुसरी ३०० एमबीपीएस देते, जमिनीतून आणायला तयार आहे, पण चर तुम्ही खणून द्यायचा. घरून काम, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि विहिरीवरचा कॅमेरा, एवढा वापर. वीज अधूनमधून जाते. शेजारी सांगतात की इतक्या आत येईपर्यंत वेग निम्मा होईल, आणि नातेवाइकांकडे फायबर असूनही संध्याकाळी रडत चालतं. मग कोणाचं घ्यावं, की उपग्रहाचं इंटरनेट बरं?

मी बरीच वर्षं विरळ वस्तीच्या भागात फायबरची आखणी करतोय, आणि तुटलं की जोडायलाही जातो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्यासारख्या घराला १ जीबीपीएस की ३०० एमबीपीएस हा फरक दुसऱ्या आठवड्यापासून जाणवत नाही. जाणवतं ते हे की केबल तुटली आणि चार दिवस कोणी आलं नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. ही लाइन वर्षभर चालू राहण्याची शक्यता कोणाकडे जास्त आहे, आणि बंद पडली तर लवकर कोण उठवेल? याचं उत्तर बरंचसं तुमच्या जागेवर आणि त्या कंपन्यांच्या माणसांवर अवलंबून आहे. ते मला इथून दिसत नाही, पण काय तपासायचं ते नक्की सांगता येईल.

आधी शेजाऱ्यांची शंका. ती तांब्याच्या तारेच्या काळातली आहे आणि त्या काळापुरती खरी होती. टेलिफोनच्या तारेवरच्या डीएसएलमध्ये एक्सचेंजपासून एखाद-दोन किलोमीटर लांब गेलं की वेग खरोखर कोसळायचा. काचेचं गणित वेगळं आहे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली, तर एका किलोमीटरमागे प्रकाशाची घट २० डेसिबलच्या खाली आणता येईल आणि मग काचेच्या तंतूतून दूरसंचार शक्य होईल. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरभरानंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती मर्यादा गाठली. या कामासाठी काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपण जे साधं फायबर टाकतो, त्यात १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची घट किलोमीटरमागे ०.३५ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे एक किलोमीटर गेल्यावरही ९२ टक्के प्रकाश शिल्लक. तुमचं दीड किलोमीटर म्हणजे अर्धा डेसिबल. कनेक्टरच्या तोंडावर बसलेली धूळ याहून जास्त प्रकाश खाते.

दुसरं असं की फायबरवर अंतर वाढलं म्हणून वेग हळूहळू उतरत नाही. घरातल्या पेटीला, म्हणजे ओएनटीला, पुरेसा प्रकाश मिळतोय तोवर वेग पूर्ण मिळतो. प्रकाश मर्यादेच्या खाली गेला की आधी चुका वाढतात, लाइन तुटत-जुळत राहते आणि मग बंद पडते. त्यामुळे कंपनीला विचारायचं ते हे, की मर्यादेच्या किती वर राहणार आहोत.

हा हिशोब एकदा समजून घ्या, कारण तो समजला की समोरचा तंत्रज्ञ तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतो. आज घरोघरच्या फायबरमध्ये सर्वांत जास्त दिसणारी पद्धत म्हणजे जीपॉन. कंपनीच्या केंद्रात ओएलटी नावाचं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टमधून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटरने विभागला जातो आणि ३२ किंवा ६४ घरांना पोचतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो फक्त प्रकाश वाटून देतो. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या यंत्रात ओएलटीपासून घरापर्यंत जास्तीत जास्त २८ डेसिबल घट चालते. आता धरा, केंद्र तुमच्या घरापासून १२ किलोमीटरवर आहे. काचेतली घट ४.२ डेसिबल. ३२ घरांत वाटणी केली तर स्प्लिटरची घट सुमारे १७.५. चार कनेक्टर प्रत्येकी ०.३ धरले तर १.२. आठ जोड प्रत्येकी ०.१ धरले तर ०.८. बेरीज २३.७. म्हणजे हाताशी चार डेसिबल उरले. पुढच्या काही वर्षांत केबल दोन-तीन वेळा तुटून जोडली गेली, एखादा कनेक्टर मळला, तरी लाइन तग धरेल.

त्याच जागी कंपनीने खर्च वाचवायला ६४ घरांत वाटणी केली, तर स्प्लिटर एकटाच २१ डेसिबल घेतो आणि बेरीज २७.२ वर जाते. अशी लाइन पहिल्या दिवशी छान चालते. तंत्रज्ञ वेग दाखवून, सही घेऊन निघून जातो. नंतर कुठेतरी एक जोड थोडा बिघडतो आणि लाइन अधूनमधून पडू लागते, आणि कारण कोणालाच सापडत नाही, कारण प्रत्येक तुकडा तपासला तर ठीकच दिसतो. खेड्यांत मी पाहिलेल्या ‘गूढ’ तक्रारींपैकी पुष्कळशा अशा काठावर आखलेल्या लाइनींच्या निघाल्या.

विरळ वस्तीत आणखी एक पद्धत असते. घरं एका ठिकाणी नसून रस्त्याच्या कडेने लांबलांब पसरलेली असतात, तेव्हा एका जागी मोठा स्प्लिटर बसवण्याऐवजी वाटेत असमान स्प्लिटर लावतात. प्रत्येक स्प्लिटर मुख्य तंतूतून दहा-वीस टक्के प्रकाश काढून जवळच्या घरांना देतो आणि उरलेला पुढे सोडतो. केबल कमी लागते, पद्धत चांगली आहे, मीही वापरतो. पण कालव्याच्या टोकाच्या शेताचं जे होतं तेच शेवटच्या घराचं होतं: वरच्यांनी किती घ्यायचं याचा हिशोब चुकला की टंचाई टोकाला. तुमचं घर आत आहे, तेव्हा तुम्ही टोकाला असण्याची शक्यता बरीच. म्हणून दोन्ही कंपन्यांना एकच गोष्ट विचारा: माझ्या घरी ओएनटीवर किती डीबीएम प्रकाश अपेक्षित आहे? डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २३ यांच्या मधला आकडा सांगितला तर मी निश्चिंत असतो. उणे २५ ला मी कारण विचारतो. उणे २७ ही बी-प्लसच्या ओएनटीची मर्यादाच आहे, त्या काठावरची जोडणी घेऊ नका. आकडा न सांगता ‘होऊन जाईल’ एवढंच उत्तर आलं, तर आखणी झालेलीच नाही असं समजा.

याच्याही आधी एक प्रश्न आहे, आणि तो विचारायला बरेच जण विसरतात. काच खरंच घराच्या आत येणार आहे का? ग्रामीण भागात ‘फायबर’ म्हणून विकलं जाणारं सगळं तसं नसतं. काही ठिकाणी फायबर रस्त्यावरच्या खांबापर्यंत येतं, तिथल्या डब्यात एक छोटा स्विच असतो आणि पुढे घराघरांत साधी लॅन केबल जाते. त्या स्विचला वीज लागते, म्हणजे तुमच्याकडे इन्व्हर्टर असला तरी खांबावरची वीज गेली की इंटरनेट गेलं. शिवाय लॅन केबल १०० मीटरपर्यंतच चालायला बनवलेली असते, आणि उघड्यावरच्या तांब्यामुळे पावसाळी गडगडाटात एका फटक्यात स्विच आणि घरातला राउटर दोन्ही जातात. दीड किलोमीटर आत असल्यामुळे तुमच्याकडे लॅन केबल येणं शक्य नाही, पण शेवटचा टप्पा वायरलेस डिशने जोडायचा विचार कोणाच्या मनात असू शकतो. तेव्हा स्पष्ट विचारा. उत्तर ‘ओएनटी घराच्या आत, मध्ये वीज लागणारं काहीच नाही’ असं हवं.

आता खांब की जमीन. तुमच्या निर्णयाचं सगळं वजन इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

खांबावरून केबल एका दिवसात येते. तुटली तर कुठे तुटली ते डोळ्यांना दिसतं आणि जोडणंही सोपं जातं. हे फायदे खरे आहेत. पण शेतातल्या दीड किलोमीटरच्या पट्ट्यावर तिचे शत्रूही तितकेच असतात. वादळात फांदी पडते, उंच भरलेली गाडी झोळ खाल्लेल्या केबलमध्ये अडकते, खारी आवरण कुरतडतात. खांब विजेचे असतील तर वीजवाल्यांनी खांब बदलला किंवा तारा ओढल्या की पहिली कुऱ्हाड फायबरवर पडते. खांबावरूनच घ्यायचं ठरलं तर तीन गोष्टी पाहा. केबल स्वतःचा भार पेलणारी, धातूविरहित असावी. आधाराला लोखंडी तार असलेली केबल विजेच्या तारांजवळून न्यायची वेळ आली तर ती योग्य अंतरावर आहे ना आणि तिला अर्थिंग दिलंय ना, हे माहितगार माणसाकडून बघून घ्या. दोन खांबांमधलं अंतर केबलच्या क्षमतेत बसायला हवं, नाहीतर दर उन्हाळ्यात झोळ वाढत जातो. आणि मधेमधे खांबावर दहा-पंधरा मीटर जादा केबलचं वेटोळं गुंडाळून ठेवायला सांगा. तुटल्यावर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, मग मध्ये नवा तुकडा घालावा लागतो आणि एका जागी दोन जोड होतात. वेटोळं असेल तर एकाच जोडावर काम भागतं.

जमिनीतून आणलेली लाइन नीट टाकली तर वर्षानुवर्षं कोणाला आठवतही नाही. त्यातला ‘नीट’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. केबल नुसती मातीत पुरू नका. जाड प्लॅस्टिकच्या पाइपमधून, म्हणजे एचडीपीई डक्टमधून न्या. पुरलेली केबल घुशीने कुरतडली तर चर पुन्हा खणावा लागतो. डक्ट असेल तर जुनी ओढून काढून नवी आत सोडता येते, आणि उद्या तंत्रज्ञान बदललं तरी खोदकाम वाया जात नाही. शेताच्या मधून सरळ रेषेत जाण्याचा मोह टाळा. बांधाच्या किंवा वाटेच्या कडेने न्या, दोनशे मीटर जास्त लागले तरी चालतील. वर पाहिलंत तसं त्या दोनशे मीटरचा प्रकाशाच्या हिशोबात काहीच भार नाही. खोली नांगराच्या फाळापेक्षा बरीच खाली हवी. मी शेतात मीटरभर मागतो, आणि खडक लागला तर तेवढ्या भागात कमी खोलीवर काँक्रीटचं आवरण घालून घेतो. चर बुजवताना अर्ध्या उंचीवर रंगीत इशारा पट्टी टाका, म्हणजे पुढे कोणी खणलं तर आधी पट्टी लागेल. धातूविरहित केबल नंतर जमिनीत शोधता येत नाही, म्हणून डक्टसोबत एक बारीक इन्सुलेटेड तांब्याची तार टाकतात, तिच्यावर संकेत सोडून मार्ग वरून शोधता येतो. तीही जमत नसेल तर किमान चर उघडा असताना दर पन्नास मीटरवर फोटो काढा, मागे झाड, विहीर, घराचा कोपरा असं काहीतरी ओळखीचं दिसेल असा. हे फोटो पुढे जोडणाऱ्याला नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आणि एक आग्रहाची सूचना. घरापर्यंतची केबल एका तंतूची घेऊ नका, चार तंतूंची घ्या. या सगळ्या कामात काच सर्वांत स्वस्त असते, खरा खर्च खोदाईचा. एक तंतू खराब झाला तर दुसरा वापरता येतो. विहिरीवर किंवा गोठ्यावर वेगळी जोडणी न्यायची झाली तरी तंतू तयार असतो.

चर तुम्ही खणायचा ही अट ऐकून तुम्हाला थोडं वाईट वाटलेलं दिसतंय. मला ती अट उलट चांगली वाटते. खोदाई तुमच्या हातात असेल तर खोली, मार्ग आणि डक्टचा दर्जा तुमच्या हातात राहतो. हे जगात मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलंही आहे. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातल्या डोंगराळ खेड्यांत मोठ्या कंपन्या फायबर टाकायला येईनात, तेव्हा २०११ मध्ये लोकांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नावाची स्वतःची संस्था काढली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून केबल न्यायला विनामूल्य परवानगी दिली, गावकऱ्यांनी चर खणले, डक्ट टाकले, जोड करायलाही शिकले, आणि घरोघर दोन्ही दिशांना १ जीबीपीएस मिळवलं. खर्च आवाक्यात आला तो मुख्यतः रस्ते न फोडता शेतांतून जाता आलं म्हणून. तुमच्या वाटेवर आणखी चार-पाच घरं असतील तर आजच त्यांच्याशी बोला. एकाच चरात मोठा डक्ट टाकून सगळ्यांची सोय होईल, आणि कंपनीलाही एका घरापेक्षा पाच घरांच्या लाइनीची काळजी जास्त असते. कोणाच्या जमिनीतून जाताय त्यांची परवानगी मात्र लेखी घ्या. आज संबंध चांगले असले तरी जमीन विकली जाते, वाटण्या होतात.

नातेवाइकांच्या संध्याकाळच्या त्रासाकडे येऊ. जीपॉनच्या एका पोर्टवर खाली येणारा (डाउनलोडचा) एकूण वेग २.४८८ जीबीपीएस असतो आणि वर जाणारा (अपलोडचा) १.२४४. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने ओढलं, तर प्रत्येकाला ७८ एमबीपीएसच्या आसपास मिळेल. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, त्यामुळे हा टप्पा क्वचितच तुंबतो. एक्सजीएस-पॉन नावाची पुढची पद्धत दोन्ही दिशांना सुमारे १० जीबीपीएस देते आणि वेगळ्या तरंगलांबी वापरत असल्याने त्याच तंतूवर जीपॉनसोबत नांदते. म्हणजे उद्या कंपनीने यंत्र बदललं तरी तुमची केबल तीच राहील.

संध्याकाळी तुंबतं ते बहुतेक वेळा ओएलटीच्या मागे. गावातल्या केंद्रापासून शहरापर्यंत जाणारी कंपनीची लाइन पाचशे घरांना मिळून १ जीबीपीएसची असेल, तर घरातल्या कागदावर १ जीबीपीएस लिहिलेलं असून काय उपयोग? इथे तुमची १ जीबीपीएसवाली कंपनी तपासून घ्या. विचारा, केंद्राची मागची लाइन किती क्षमतेची आहे, आणि ती एकाच मार्गाने येते की दोन मार्गांनी. एकाच मार्गाने येत असेल, तर कुठे रस्त्याचं काम सुरू झालं आणि केबल तुटली की पूर्ण पंचक्रोशी बंद. विक्रीच्या माणसाला हे माहीत नसतं, तंत्रज्ञाला असतं. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे त्या कंपनीच्या जुन्या ग्राहकाच्या घरी रात्री नऊच्या सुमारास जाऊन, लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजणं. वायफायवर मोजू नका, तिथे घराच्या भिंती मोजल्या जातात.

वेग किती लागतो? चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना तीन-चार एमबीपीएस पुरतात. ४-के चित्रपटाला पंधरा ते पंचवीस. तुमचं सगळं घर एका वेळी कामाला लागलं तरी १०० एमबीपीएसच्या पुढे क्वचित जाईल. कॅमेरा आणि घरून काम यांना वर जाणारा वेग महत्त्वाचा. ३०० म्हणजे दोन्ही बाजूंनी ३०० की वर फक्त ३०, ते विचारून घ्या.

उपग्रहाचा पर्याय तुम्ही ओझरता विचारलाय. स्थिर कक्षेतला उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर-खाली आणि उत्तर वर-खाली असे चार फेरे धरले तर प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो, त्यामुळे बोलताना एकमेकांच्या तोंडावर बोललं जातं. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांनी हा विलंब पुष्कळ कमी केला आहे, आणि जिथे फायबर पोचतच नाही तिथे ते मोठं वरदान आहेत. पण दारापर्यंत काच येत असताना मी ती सोडणार नाही. काचेत किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या घरापासून केंद्रापर्यंतचा विलंब यंत्रांसकट एक-दोन मिलिसेकंदांचा.

वीज जाण्याचं उत्तर सोपं आहे. ओएनटी आणि राउटर मिळून साधारण १५ वॉट घेतात आणि दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी आणि थेट १२ व्होल्ट देणारा लहान यूपीएस लावला, तर तीन-चार तास निघतात. घेताना उपकरणांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते पाहा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या ओळीवर जोडलं तरी चालेल. मात्र कंपनीच्या केंद्रातही बॅकअप हवा. वीज गेल्यावर केंद्र किती तास चालतं, हा प्रश्न त्या जुन्या ग्राहकालाच विचारा, खरं उत्तर मिळेल. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे फायबरच्या वाटेने फटका येत नाही. तो येतो अडॅप्टरच्या वाटेने, किंवा केबलमधल्या लोखंडी तारेने. ती तार घरात न आणता बाहेरच थांबवायला सांगा.

कॅमेऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमच्याकडे तसंच आहे. मग बाहेरून थेट कॅमेऱ्यात शिरता येत नाही. उत्पादकाच्या क्लाउडमार्फत चालणारा कॅमेरा असेल तर काही अडचण नाही, नाहीतर आयपीव्ही६, म्हणजे नव्या प्रकारचा आयपी पत्ता, मिळतो का किंवा स्वतंत्र पत्ता मिळेल का, ते आधीच विचारा.

घरातल्या वायफायवर फार लिहीत नाही. राउटर घराच्या मध्यावर ठेवा, जाड भिंती असतील तर दुसऱ्या खोलीत लॅन केबल नेऊन तिथे वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. वेग बरोबर ९४-९५ एमबीपीएसवर अडकला, तर कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट किंवा आतल्या तारांची एक जोडी तुटलेली लॅन केबल आहे, फायबरचा दोष नाही.

आता दुरुस्ती. माझ्या दृष्टीने निवड इथे ठरते. तुटलेलं फायबर जोडायला फ्यूजन स्प्लाइसर लागतो. हे यंत्र दोन तंतूंची टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतं, आणि चांगल्या जोडात ०.१ डेसिबलहून कमी घट होते. तुटलेली जागा लांबून शोधायला ओटीडीआर लागतो. तो तंतूत प्रकाशाचे ठोके सोडतो, परत येणारा क्षीण प्रकाश मोजतो आणि किती मीटरवर तुटलंय ते सांगतो. ही दोन यंत्रं आणि ती चालवणारा माणूस तुमच्यापासून किती लांब बसतो? कंपनीचं कार्यालय कुठे आहे ते विचारू नका, स्प्लाइसर कुठे आहे ते विचारा. स्प्लाइसर नसेल तर माणूस हाताने दाबून बसवायचा कनेक्टर किंवा यांत्रिक जोड लावून जातो. त्याने त्या दिवशी लाइन सुरू होते, पण घट जास्त असते आणि ऊन-पावसात तो जोड सरकतो. तात्पुरता म्हणून चालेल, पण नंतर येऊन पक्का जोड करून देणार का, ते ठरवून घ्या.

तुमच्या बाजूनेही थोडी मदत होते. ओएनटीवर ‘लॉस’ हा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाहीये, म्हणजे तुटलंय किंवा फार वाकलंय. साधा तंतू तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवला की प्रकाश बाहेर सांडतो. त्यामुळे कपाटामागे दाबलेली, खिळ्याला गुंडाळलेली केबल आधी मोकळी करून बघा. ‘पॉन’चा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही, ते काम कंपनीचं. कनेक्टर उगाच काढू नका. आतला गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या एका लहानशा अंशाएवढा. बोट लागलं तरी तो मळतो. आणि हिरवा कनेक्टर निळ्यात कधीही घालू नका. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही नीट टेकत नाहीत आणि काही डेसिबल तिथेच जातात. चालू लाइनीच्या तोंडात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश अदृश्य असतो आणि डोळ्याला इजा करू शकतो. हे मुलांनाही सांगून ठेवा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कल दुसऱ्या कंपनीकडे, म्हणजे ३०० एमबीपीएस आणि जमिनीतून, असा आहे. अट एवढीच की डक्ट वापरू देतील, ओएनटीवरचा अपेक्षित आकडा लेखी देतील आणि जोडणारा माणूस त्याच दिवशी पोचण्याइतका जवळ असेल. पहिल्या कंपनीचा माणूस जवळ राहत असेल आणि दुसऱ्याचा लांबच्या शहरातून येणार असेल, तर मी पहिली घेईन, खांबांवरून का होईना.

जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञाकडून ओएनटीवरचा प्रकाश मोजून घ्या आणि तारखेसह तो आकडा पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी काही बिनसलं आणि उणे २० चा आकडा उणे २४ झालेला दिसला, तर तक्रार करताना ‘नेट संथ आहे’ असं सांगू नका, ‘चार डेसिबल गेले’ असं सांगा. माणूस योग्य यंत्र घेऊन येईल. आणि मोबाइलचा जुना राउटर लगेच विकू नका, निदान पहिला पावसाळा जाईपर्यंत सर्वांत लहान प्लॅनवर चालू ठेवा.